तांब्याच्या पेन्या निवडायला बसण्यापूर्वी

अमेरिकेतली पेनी म्हणजे एका सेंटचं नाणं. जुनी तांब्याची, नवी जस्ताची, आणि ढिगातून तांब्याच्या वेचून साठवायच्या हा आमचा छंद. बँकेतून पेन्यांचं पहिलं खोकं घरी आणण्याआधी एक गोष्ट पक्की करा: निवडून उरलेल्या पेन्या टाकणार कुठे? उलट्या टोकापासून सुरुवात झाली असं वाटेल, पण नवखा माणूस अडकतो तो इथेच. एका खोक्यात पन्नास रोल, म्हणजे कागदात गुंडाळलेल्या नळ्या, एका रोलमध्ये पन्नास पेन्या, म्हणजे २५०० नाणी आणि किंमत अवघी २५ डॉलर. माझ्या अनुभवात खोक्यामागे तांब्याच्या तीनशे ते सहाशे निघतात. उरलेल्या दोन हजार जस्ताच्या, त्यांचंच वजन पाच किलो. दोन खोकी निवडून झाली की त्या दहा किलो चिल्लरीवरून घरात बोलणी सुरू होतात.

म्हणून बँका दोन हव्यात. एक घ्यायची, दुसरी द्यायची, आणि दोन्हीकडे खातं. मी सुरुवातीला हे पाळलं नाही. जिथून रोल घेतले तिथेच उरलेले भरून परत दिले. पंधरा दिवसांनी त्याच शाखेतून आणलेले रोल सोडायला बसलो, तर कागदावर माझीच पेन्सिलीची खूण. आख्खी संध्याकाळ मी माझंच उष्टं निवडत होतो.

देण्याच्या बँकेत मोड मोजायचं यंत्र आहे का, की रोल भरूनच आणायला सांगतात, ते आधी विचारून घ्या. रोल भरून मागत असतील तर कागदी नळ्यांचा गठ्ठा मागून आणा, बहुतेक ठिकाणी तो फुकट मिळतो. मात्र चाळीस रोल हाताने भरणं हे निवडण्याइतकंच वेळखाऊ काम आहे हे लक्षात ठेवा. किराणा दुकानाच्या दारातलं यंत्र पैसे कापून घेतं. रोखीऐवजी एखाद्या दुकानाचं व्हाउचर घेतलं तर सहसा कापत नाही. व्हाउचर तुमच्या कामाचं असेल तरच त्या वाटेला जा.

घ्यायच्या बँकेचं गणित आता बदललंय. पेनी पाडायचा खर्च पेनीच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त झाला होता, २०२४ च्या आर्थिक वर्षात एका पेनीमागे ३.६९ सेंट. शेवटी १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी पाडली गेली. जुन्या पेन्या आजही कायदेशीर चलन आहेत, पण मागाल तेव्हा खोकं मिळेलच असं नाही. आधी फोन करा. खोकं नसेल तर 'गिऱ्हाइकांनी भरून आणलेले रोल आहेत का?' असं विचारा, आणि मिळाले तर खोक्यापेक्षा तेच आधी उचला. कुणाच्या तरी आजीच्या बरणीतले पैसे थेट बँकेत आलेले असतात, ते अजून कुणी चाळलेले नसतात. उलट टांकसाळीतून आलेलं कोरं खोकं पदरात पडलं की झालं! एकदा मी हौसेनं घरी आणलं आणि २५०० च्या २५०० चकचकीत, एकाच सालच्या. तेव्हापासून काउंटरवरच एका रोलचं टोक बघून घेतो.

बँकेत जायची वेळही बघा. शुक्रवारी दुपारी पगाराचे चेक घेऊन रांग लागलेली असताना पेन्या मागणाऱ्याकडे सगळे कसे बघतात ते एकदा अनुभवलं की पुरे. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी दहा-साडेदहाला जा. काउंटरवरच्या बाईंना काय करताय ते खरं सांगून टाका. दोन-तीन भेटींत त्या स्वतःच बाजूला काढून ठेवायला लागतात.

आता तांबं ओळखायची तयारी. १९८१ पर्यंतच्या पेन्यांत ९५ टक्के तांबं, अपवाद १९४३ चा. १९८३ पासून पुढे आत जस्त आणि वरून तांब्याचा नुसता मुलामा, एकूण तांबं जेमतेम अडीच टक्के. १९८२ साली दोन्ही पाडल्या. साल नाण्याच्या दर्शनी बाजूला, लिंकनच्या छातीसमोर असतं. त्यामुळे बहुतेक काम नुसत्या डोळ्यांनी होतं, तराजू लागतो तो १९८२ साठी. तांब्याची पेनी ३.११ ग्रॅम, जस्ताची २.५. हा फरक स्वयंपाकघरातल्या कणीक मोजायच्या काट्यावर कळत नाही, कारण तो पूर्ण ग्रॅमच दाखवतो. ग्रॅमचा निदान दहावा भाग दाखवणारा, सोनाराकडे असतो तसा छोटा काटा आणा. तो खरा आहे की खोटा हे तपासायला वेगळं वजन विकत घ्यायची गरज नाही. पाच सेंटचं नवंकोरं नाणं, म्हणजे निकेल, बरोबर पाच ग्रॅम भरतं. बसताना एकदा ते ठेवून बघायचं.

काटा येईपर्यंत कान वापरा. पूर्वी दुकानदार रुपया वाजवून घ्यायचा, तेच करायचं. ओट्याच्या ग्रॅनाइटवर पेनी चार बोटं वरून सोडा. तांब्याची खणकन वाजते आणि तो नाद क्षणभर रेंगाळतो. जस्ताची बद्द वाजते, जणू प्लॅस्टिकचं बटण पडलं. आधी १९७० ची एक आणि १९९० ची एक अशा आलटून पालटून दहा-दहा वेळा पाडून कान तयार करा, मग १९८२ ची घ्या. माझ्या मुलीचा कान माझ्यापेक्षा पक्का निघाला. ती पाठ करून उभी राहते आणि सांगते, 'बाबा, ही जस्ताची.' काट्याशी पडताळलं, तिची विसात एखादीच चुकते. माझ्या किती चुकतात ते इथे लिहीत नाही.

तांब्यावरून जस्तावर हा बदल का झाला ते ठाऊक असलं तर साल पाठ करावं लागत नाही. तांबं महागलं, एवढीच गोष्ट. पहिला झटका १९७३-७४ च्या सुमारास आला. तेव्हा अ‍ॅल्युमिनियमची पेनी करायचा घाट घातला गेला, १९७४ साल घालून पंधरा लाखांच्या आसपास पाडल्याही, पण त्या चलनात आल्याच नाहीत. १९८२ मध्ये मात्र जस्तावर जाण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. तुमचा हिशेबही याच तांब्याच्या दरावर चालतो. एका जुन्या पेनीत २.९५ ग्रॅम तांबं. दर पौंडाला साडेचार डॉलर धरला तर त्या तांब्याची किंमत तीन सेंटच्या जरा खाली. एका सेंटला घेतलेली वस्तू जवळजवळ तिपटीची, हे ऐकून अनेकांचे डोळे लकाकतात. त्यांनी कायदा आधी वाचावा. २००७ मध्ये पक्क्या झालेल्या केंद्रीय नियमानुसार पेन्या आणि निकेल वितळवायला बंदी आहे, घाऊक प्रमाणात देशाबाहेर न्यायलाही. दंड दहा हजार डॉलरपर्यंत, कैद पाच वर्षांपर्यंत. खिशातली मोड म्हणून पाच डॉलरपर्यंत बाहेर नेता येते. पाच डॉलर म्हणजे ५०० पेन्या, तांब्याच्या असतील तर दीड किलोच्या वर. सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, 'अहो, एवढं तांबं जमवताय तर एक तांब्या तरी घडवून आणा.' त्यांना हे सगळं समजावून सांगण्यात एक रविवार गेला. तेव्हा रातोरात फायद्याच्या आशेनं येणार असाल तर काटा घेऊ नका, पैसे वाचतील. साठवायचं, बघायचं आणि वाट पाहायची, एवढंच यात आहे.

बसायची जागा म्हणजे आपली जुनीच मांडामांड. स्टीलची मोठी परात घ्या, खाली जाड टॉवेल, नाहीतर रात्री अकराला खालच्या मजल्यावरून छतावर काठी आपटते. परातीत तीन-चार रोल ओता आणि तांदूळ निवडतो तसं स्वतःकडे ओढत निवडा. समोर तीन भांडी: १९८१ पर्यंतच्या, १९८२ च्या, नंतरच्या. शिवाय एक छोटी वाटी वेगळी, ती कशासाठी ते पुढे सांगतो. उजेड डोक्यावरून नको, बाजूने हवा. टेबललँप डावीकडे तिरका ठेवला की झिजलेल्या सालाची सावली पडते आणि आकडा वाचता येतो. पाचपट किंवा दहापट दाखवणारं भिंग जवळ असू द्या, पण प्रत्येक नाण्याला लावत बसू नका. १९८२ ची प्रत्येक पेनी त्याच वेळी तोलायचा मोहही आवरा. ती भांड्यात साठू द्या, शंभरेक झाल्या की एका बैठकीत तोला. हात सतत बदलत राहिला की वेग मरतो.

ती छोटी वाटी वेगळेपणाची. मागच्या बाजूला गव्हाच्या दोन ओंब्या असलेली पेनी दिसली की तिकडे. ती १९०९ ते १९५८ मधली. १९५९ पासून तिथे लिंकन स्मारकाची इमारत आली. माझ्याकडे सगळी खोकी धरून सरासरी काढली तर खोक्यामागे पाच-दहा ओंबीवाल्या येतात, बहुतेक १९४० आणि ५० च्या दशकातल्या, झिजून गुळगुळीत. करड्या रंगाची पेनी दिसली तर लोहचुंबक लावा, म्हणजे फ्रिजवरचा एखादा काढून आधीच टेबलावर ठेवलेला बरा. महायुद्धात तांबं दारूगोळ्याला हवं होतं म्हणून १९४३ मध्ये पोलादावर जस्त चढवून पेन्या पाडल्या. ती चिकटते. त्या वर्षी चुकून तांब्याच्याही मोजक्या पडल्या आणि त्यांची किंमत घराएवढी आहे, म्हणूनच पोलादी पेनीला तांब्याचा मुलामा देऊन फसवणारेही आहेत. तांबडी १९४३ मिळाली तर नाचण्याआधी चुंबक लावा.

कॅनडाच्या पेन्याही याच वाटीत. आकार जवळजवळ तोच असल्यामुळे रोलमध्ये बेमालूम मिसळतात. १९४२ ते १९९६ मधल्या त्यांच्या पेन्यांत ९८ टक्के तांबं आहे, आमच्यापेक्षा चौदा वर्षं जास्त टिकवलं त्यांनी. देण्याच्या बँकेचं यंत्र कधी कधी त्या बाहेर फेकतं, त्यामुळे आधीच वेगळ्या काढलेल्या बऱ्या.

ठशाच्या चुका शोधायच्या असतील तर सगळ्या पाठ करू नका. १९५५ आणि १९७२ या दोन सालांच्या दर्शनी बाजूची अक्षरं दुहेरी दिसतात का, तेवढं बघा. १९५५ ची दुहेरी छाप भिंगाशिवायही कळते. १९८३ ची पेनी हाताला जड लागली तर तीही तोला, तांब्याच्या उरलेल्या चकत्यांवर चुकून पडलेल्या काही आहेत. आणि १९८२ मध्ये सालाखाली 'डी' म्हणजे डेन्व्हर आणि आकडे लहान असतील तर वजन दोनदा घ्या. बारीक आकड्यांची तांब्याची डेन्व्हर पेनी नसतेच असं वर्षानुवर्षं मानलं जायचं, ती २०१६ मध्ये उजेडात आली. मला अजून मिळालेली नाही. मिळेल या आशेवर काटा चालू असतो, हे कबूल करतो.

आता आपल्या माणसांसाठी खास सूचना. मळकट तांबं दिसलं की आपला हात आपोआप पितांबरीच्या डब्याकडे जातो, नाहीतर चिंचेकडे. देवघरातल्या ताम्हनाला ते शोभतं. नाण्याला लावलंत की त्याची वरची कातडी गेली, आणि संग्राहकाच्या लेखी किंमतही. फार चिकट असेल तर साध्या पाण्यातून काढून टिपून घ्या, घासू नका. हाताला काळं लागतं, वास येतो, म्हणून निवडताना खायचं ताट टेबलावर नको आणि लहान मूल मांडीवर नको. जस्ताची पेनी गिळणं फार वाईट, पोटातल्या आम्लात ती विरघळते.

साठवणीचा विचार आधी वजनात करा, मग जागेत. शंभर डॉलरच्या तांब्याच्या पेन्या, म्हणजे दहा हजार, ३१ किलो भरतात. रंगाची मोठी बादली गळ्यापर्यंत भरलीत तर ती पुन्हा हलवायला दोन माणसं लागतील आणि कडी हातात येईल. मी लोणच्याच्या रुंद बरण्या वापरतो, अर्ध्या-पाऊण भरून, कोरड्या खोलीत, जमिनीलगत, भिंतीच्या कडेला. तळघरात ओल असेल तर तिथे नको, हिरवा जंग धरतो. ओंबीवाल्या आणि वाटीतल्या बाकीच्या कागदी पाकिटात. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या खिशांत ठेवू नका, ते काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकटा सोडतं.

शेवटी एक वही, दोनशे पानी नको, खिशातली पुरे. तारीख, कुठल्या शाखेतून, खोकं की सुटे रोल, तांब्याच्या किती, वाटीत काय. दहा खोक्यांनंतर कुठल्या शाखेत जायचं आणि कुठे नाही ते ती वहीच सांगते. माझ्या वहीतली गेल्या महिन्यातली नोंद अशी: सुटे रोल २०, तांबं २३७, ओंब्या ७, कॅनडा ४, १९८२ तोलायच्या ३१, आणि एक नळाचा वायसर.