विमानाच्या वाटेखालची सोसायटी: आवाज मोजण्यापासून खिडकी बसवण्यापर्यंत

मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीचं नाव ०९-२७. हे आकडे दिशेचे आहेत: २७ म्हणजे २७० अंश, पश्चिम. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं आणि उडतं, आणि इथे वर्षातला बहुतेक काळ वारा पश्चिमेचा. म्हणून उतरणारी विमानं घाटकोपर-असल्फा-कुर्ल्याच्या डोक्यावरून येतात आणि उडणारी सांताक्रूझ-विलेपार्ले-जुहूवरून समुद्राकडे जातात. मुख्य धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद झाली की वाहतूक १४-३२ या आडव्या पट्टीवर जाते आणि अंधेरीकरांची झोप उडते.

तुमच्या गच्चीवरून जाणारं विमान उतरतंय की उडतंय, आणि धावपट्टीचं टोक तिथून किती किलोमीटर आहे, एवढं आधी पक्कं करा. पुढची प्रत्येक मागणी यावर ठरते. ही पायरी गाळून केलेले अर्ज वर्षानुवर्षं टेबलांवरून फिरतात, कारण धावपट्टीजवळच्या कुर्ल्याने मागितलेली गोष्ट बऱ्याचदा दूरच्या ठाण्याच्याच उपयोगाची असते.

मोजणी

क्लास २ दर्जाचा ध्वनिमापक भाड्याने घ्या, सोबत ९४ डेसिबलचा कॅलिब्रेटर मागून घ्या. मोजणीच्या आधी आणि नंतर कॅलिब्रेटर लावून दोन्ही आकडे वहीत लिहा. त्यांत एका डेसिबलपेक्षा जास्त फरक पडला तर त्या दिवसाची मोजणी बाद धरा. मोबाइल अ‍ॅप स्वतःच्या अंदाजापुरतं ठीक आहे, तक्रारीत त्याचे आकडे टिकत नाहीत.

माइक गच्चीवर तिपाईवर ठेवा: जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंच, पाण्याच्या टाकीपासून आणि जिन्याच्या खोलीच्या भिंतीपासून किमान ३.५ मीटर लांब. भिंतीला चिकटवला तर परावर्तनामुळे आकडा फुगतो आणि समोरचा अधिकारी पहिला आक्षेप तिथेच घेतो. माइकवर फोमची टोपी हवीच. वारा जोरात सुटला किंवा पाऊस आला की थांबा. मीटर ए-वेटिंग (माणसाच्या कानाप्रमाणे मोजणारी सेटिंग) आणि स्लो (आकडा संथ हलवणारी) वर ठेवा.

प्रत्येक विमानाचे तीन आकडे लिहा: वेळ, सर्वोच्च पातळी आणि एसईएल. एसईएल म्हणजे त्या एका विमानाचा सगळा आवाज एका सेकंदात कोंबला तर जी पातळी येईल ती. मीटरवर एसईएल दिसत नसेल तर आवाज सर्वोच्च पातळीच्या १० डेसिबलच्या आत किती सेकंद राहिला ते मोजा, त्याचं निम्मं करा, त्याचा लॉग काढून १० ने गुणा आणि सर्वोच्च पातळीत मिळवा. उदाहरणार्थ, सर्वोच्च ८० आणि २० सेकंद: निम्मे १०, लॉग १, गुणिले १० म्हणजे १०. एसईएल ९०. विमान कुठलं होतं ते फ्लाइटरडार२४ या उडती विमानं दाखवणाऱ्या संकेतस्थळावर वेळ जुळवून लिहा. खाली हॉर्न वाजत असताना आलेलं विमान यादीतून काढा. विमानाचा आवाज रस्त्याच्या आवाजापेक्षा किमान १० डेसिबल वर असेल तरच नोंद धरा.

सलग सात रात्री आणि सात दिवस मोजलं तर चित्र नीट उमटतं. एक रविवार मोजून काहीच सिद्ध होत नाही.

कायद्यातला आकडा आणि तुमचा आकडा

निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा सगळ्यांना तोंडपाठ असते. विमानतळाच्या आवाजक्षेत्राला मात्र ती लागू नाही. २०१८ मध्ये केंद्राने त्यासाठी वेगळी मर्यादा ठरवली: वर्षाला ५०,००० पेक्षा जास्त उड्डाणं-उतरणं असलेल्या विमानतळाभोवती दिवसा ७० आणि रात्री ६५, इतर विमानतळांभोवती ६५ आणि ६०. दिवस सकाळी ६ ते रात्री १०. मुंबईची वाहतूक वर्षाला तीन लाखांच्या वर आहे, तेव्हा ७० आणि ६५.

हे आकडे सरासरीचे आहेत, आणि ती सरासरी तुम्हाला वहीवरून काढता येते. विमानांच्या संख्येचा लॉग गुणिले १० एसईएलमध्ये मिळवा, मग दिवसासाठी ४७.६ किंवा रात्रीसाठी ४४.६ वजा करा. (१६ तास आणि ८ तास यांचे सेकंद मोजले की हे दोन आकडे येतात.) एसईएल ९० धरून रात्री १०० विमानं उतरली: ९० अधिक २० वजा ४४.६, म्हणजे ६५.४. मर्यादा ओलांडली. त्याच गच्चीवर दिवसा ३५० उतरली: ९० अधिक २५.४ वजा ४७.६, म्हणजे ६७.८. मर्यादेच्या आत. कान दिवसा जास्त किटतात, पण कायद्याच्या हातात सापडते ती रात्र. तक्रार रात्रीवर बांधा.

सरासरीची एक मोठी खोट आहे. विमानं निम्मी झाली तरी ती फक्त ३ डेसिबलने उतरते. झोप सरासरीने मोडत नाही, एकेका विमानाने मोडते. म्हणून अहवालात दुसरा रकाना ठेवा: रात्री १० ते ६ मध्ये ७० डेसिबलच्या वर गेलेली विमानं किती. ऑस्ट्रेलियात ही मोजणी रूढ आहे. मराठी शाळेत शिकलेल्या नगरसेवकापासून न्यायमूर्तींपर्यंत कोणालाही ती एका वाक्यात समजते.

विमानतळाच्या आवाजक्षेत्राची सीमा कुठून कुठे आखली आहे आणि गेल्या तीन वर्षांत कुठल्या ठिकाणी काय मोजलं, हे माहिती अधिकारात मागा: डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे वेगळा अर्ज. शुल्क १० रुपये. राज्याच्या अर्जात एकच विषय आणि १५० शब्द एवढीच मुभा आहे. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील टाका; इथेच बहुतेक सोसायट्या ढेपाळतात. पुण्यात लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे, तिथला पत्रव्यवहार वेगळ्या दारी जातो.

विमानतळाकडे काय मागायचं, काय नाही

विमान साधारण ३ अंशांच्या उतारावर येतं: दर किलोमीटरला ५२ मीटर उतरतं आणि धावपट्टीचा उंबरठा सुमारे १५ मीटर उंचीवर ओलांडतं. म्हणजे चार किलोमीटरवर ते जेमतेम २२५ मीटरवर असतं. फ्रँकफर्ट आणि हीथ्रोमध्ये ३.२ अंशांचा उतार वापरून पाहिला आहे. हिशेब केला तर चार किलोमीटरवर विमान १४ मीटर उंच जातं आणि फरक अर्ध्या डेसिबलच्या आसपास पडतो. कानाला तो कळणारही नाही. त्यात ताकद घालवू नका.

चाकं उशिरा काढा, हीसुद्धा नेहमीची मागणी. पण सुमारे ३०० मीटर उंचीवर येईपर्यंत चाकं बाहेर आणि विमान स्थिर असलंच पाहिजे, आणि ती उंची धावपट्टीपासून साडेपाच किलोमीटरवर येते. घाटकोपर-कुर्ल्यावर चाकं कायम बाहेरच असणार. थांबे न घेता सलग उतरण्याची पद्धत चांगली आहे, पण तिचा फायदा दूरच्या उपनगरांना. शेवटच्या उतारावर सगळी विमानं एकाच रेषेत येतात.

तेव्हा उतरणीच्या बाजूला उपाय दोनच उरतात: रात्रीची संख्या आणि घराची खिडकी. सिडनीत रात्री ११ ते ६ बंदी आहे, फ्रँकफर्टमध्ये ११ ते ५. मुंबईच्या लांब पल्ल्याच्या उड्डाणांच्या वेळा बघता सरसकट बंदी पदरात पडणं अवघड. हीथ्रोची पद्धत मागणं जास्त व्यवहारी: प्रत्येक विमानाला त्याच्या प्रमाणित आवाजाप्रमाणे गुण, दर ३ डेसिबलला गुण दुप्पट, आणि हंगामाला रात्रीच्या गुणांची मर्यादा. जुनं, गोंगाटी विमान रात्री आणणं मग कंपनीलाच महाग पडतं.

उडणाऱ्या बाजूला मागण्यासारखं पुष्कळ आहे. उड्डाणाच्या दोन पद्धती असतात: एकीत विमान आधी उंची गाठतं आणि फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) नंतर आत घेतं, तिने जवळच्यांना फायदा, दुसरीत आधी वेग वाढवतं, तिने दूरच्यांना. सांताक्रूझ-जुहूच्या पलीकडे लगेच समुद्र लागतो, दूर राहणारं कोणी नाही. तिथे पहिलीच मागा. कलिना आणि विलेपार्ले पूर्वेच्या सोसायट्यांनी उड्डाणांपेक्षा जमिनीवरच्या आवाजाकडे लक्ष द्यावं: रात्री इंजिन चाचणी नको, उभ्या विमानाला शेपटातल्या छोट्या इंजिनाऐवजी विमानतळाची वीज आणि थंड हवा द्यावी, आणि कोरड्या धावपट्टीवर रात्री उलटा झोत (उतरल्यावर वेग कमी करायला इंजिनाचा पुढे वळवलेला झोत) किमान वापरावा. शेवटच्या मुद्द्यावर अंतिम निर्णय वैमानिकाचाच राहील, असं अर्जातच लिहा. सुरक्षेचं उत्तर देऊन अर्ज बंद करायला मग जागा राहत नाही.

महापालिकेच्या हातात विमान नाही, इमारत आहे. विमानाच्या वाटेखालच्या नव्या बांधकाम परवानगीत खिडक्यांच्या ध्वनिरोधाची अट घाला, शाळा आणि प्रसूतिगृहं आधी घ्या, असा ठराव वॉर्डातून मागा. आधाराला राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ आहे. तिच्या भाग ८ मध्ये ध्वनिरोधावर स्वतंत्र विभाग आहे. अमेरिकेत ६५ डेसिबलच्या रेषेच्या आतल्या घरांना विमान वाहतूक निधीतून खिडक्या बसवून मिळतात. तसा निधी इथे प्रवासी शुल्कातून उभारता येईल. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. उलवे-पनवेलमध्ये अजून इमारती उठत आहेत, आणि खिडकी बांधकामाच्या वेळी बसवणं सगळ्यांत स्वस्त पडतं. तिथल्यांनी वाहतूक वाढायच्या आत मोजणी करून ठेवावी.

खिडकी

बाहेर ८० डेसिबल असेल आणि झोपेच्या खोलीत ४५ हवं असेल तर ३५ डेसिबल अडवावे लागतात. ५ मिमी काचेची साधी स्लायडिंग खिडकी जेमतेम २० ते २५ अडवते, कारण आवाज फटीतून शिरतो. १.२ बाय १.२ मीटरच्या खिडकीत एक सहस्रांश जागा उघडी राहिली तरी ३० डेसिबलच्या पुढे काहीही केलं तरी जाता येत नाही. ही उघडी जागा किती? ३ मिमी रुंद आणि ४८ सेंमी लांब फट. स्लायडिंगच्या दोन पल्ल्यांमध्ये, ब्रशच्या पट्टीतून, यापेक्षा जास्त उजेड दिसतो. रात्री दिवा बंद करून बाहेरून कोणाला तरी टॉर्च फिरवायला सांगा, स्वतः बघा.

फॅब्रिकेटर तुम्हाला दुहेरी काच विकेल: ५ मिमी, मध्ये १२ मिमी हवा, ५ मिमी. उष्णतेसाठी ती उत्तम. पण एवढ्या कमी हवेत दोन काचा सुमारे २०० हर्ट्झला एकत्र कंप पावतात आणि विमानाचा घुमारा त्याच पट्ट्यात भरपूर असतो. हवेची पोकळी १०० मिमी केली की तो कंप ८० हर्ट्झच्या खाली उतरतो. म्हणून जुनी स्लायडिंग काढू नका. तिच्या आत दुसरी खिडकी बसवा.

आतली खिडकी बिजागरीची घ्या, स्लायडिंग नको. काच ८.७६ मिमी लॅमिनेटेड: ४ मिमीच्या दोन काचा आणि मध्ये ०.७६ चा थर. बाहेरची ५ मिमी, आतली वेगळ्या जाडीची, म्हणजे दोघींची कमजोरी एकाच ठिकाणी येत नाही. चौरस मीटरला काचेचंच वजन २० किलो, तेव्हा १.२ मीटरची खिडकी दोन पल्ल्यांत करा आणि बिजागऱ्या वजन सांगून घ्या; हलक्या बिजागऱ्यांवर पल्ला सहा महिन्यांत खाली बसतो आणि वरच्या कोपऱ्यात फट पडते. चारही बाजूंना ईपीडीएम रबराच्या दोन गास्केट, कोपऱ्यात न कापता वळवलेल्या किंवा चिकटवलेल्या. कडी एकच नको, वर-मध्ये-खाली अडकणारी हवी.

मुंबईत बाहेरची भिंत बऱ्याचदा ६ इंचांची असते, त्यात स्लायडिंगचा ट्रॅक धरून १०० मिमी पोकळी बसत नाही. भिंतीच्या आतल्या बाजूला जाड लाकडी पेटी करून तिच्यावर चौकट उभी करा. चौकट आणि भिंत यांच्यातली जागा फोमच्या फवाऱ्याने भरू देऊ नका. फोम हलका असतो, आवाज आरपार जातो. सिमेंट मॉर्टर भरा, वाळल्यावर दोन्हीकडून न्यूट्रल सिलिकॉन. पोकळीच्या चारही कडांना २५ मिमी रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) काचकापडात गुंडाळून लावा.

बाहेरच्या खिडकीच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं मात्र मोकळीच ठेवा. ती बुजवली की पहिल्याच पावसाळ्यात पाणी भिंतीत उतरतं. एसी चालू असताना आतल्या काचेवर पोकळीच्या बाजूने बाष्प धरतं, ते पुसण्यासाठीही पल्ला उघडता यायला हवा.

काम झाल्यावर कागदाची पट्टी दर १५ सेंमीवर पल्ल्यात धरून ओढा. जिथे सहज निघाली तिथे गास्केट दाबली गेलेली नाही. मग एकाच वेळी बाहेर आणि खोलीच्या मध्यभागी मीटर ठेवून २० विमानांचा फरक काढा. करारात आधीच लिहा: सरासरी फरक ३३ डेसिबलपेक्षा कमी आला तर शेवटचे २० टक्के मिळणार नाहीत. आकडा कमी आला तर एसीच्या पाइपचं भोक, पेलमेटमागची फट आणि दाराखालची जागा बघा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. अंड्यांचे ट्रे, भिंतीवरचा फोम, जाड पडदे यांनी खोलीतला घुमा कमी होतो, बाहेरचा आवाज अडत नाही.

पत्र्याचं घर

जरीमरी-कुर्ल्यातल्या वरच्या माळ्यावर छत पत्र्याचं असतं. तिथे खिडकीवर एक रुपया घालण्याआधी छत करा. आरसीसी स्लॅब सुमारे ५० डेसिबल अडवतो, पत्रा त्याच्या निम्मंही नाही. आधी गळती बंद करा. मग पत्र्याखाली किमान १५० मिमी जागा सोडून १२.५ मिमी जिप्सम बोर्डाचे दोन थर, सांधे एकावर एक न येता, वर ५० मिमी रॉकवूल, घनता घनमीटरला ४८ किलो. कडेला ५ मिमी फट ठेवून ती सीलंटने भरा. पंख्याचा हुक आणि दिव्यांची भोकं हीसुद्धा बंद. छत थोडं खाली येतं, पण उन्हाळ्यात खोली तापायचीही कमी होते.

बंद खोलीत हवा

खिडकी घट्ट झाली की हवा येणं थांबतं. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आणत नाही. बाहेरच्या भिंतीत इंग्रजी एल आकाराची पेटी बसवा, आतून २५ मिमी रॉकवूलचं अस्तर, टोकाला हळू फिरणारा छोटा पंखा. हवा वळण घेऊन येते, आवाज अस्तरात जिरतो.

न्हाणीघरात गॅस गीझर असेल तर त्या घराच्या खिडक्या घट्ट करू नका, आधी तो काढून विजेचा बसवा. बंद घरात गॅस गीझरमधून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि माणूस आंघोळ करतानाच बेशुद्ध पडतो. स्वयंपाकघराची खिडकी आणि एक्झॉस्ट कधीही बुजवू नका. ध्वनिरोध झोपेच्या खोलीपुरता ठेवा, आणि स्वयंपाकघर व ती खोली यांच्यातल्या दाराला खाली दबणारी रबरी पट्टी लावा.