चिऱ्याच्या भिंतीवर टाईल्स लावताना

गणपतीला घर चकचकीत हवं म्हणून आमच्या वेंगुर्ल्यात लोक आषाढात टाईल्सचं काम काढतात. फरशीचं काम करणारा म्हणून मी कळकळीने सांगतो, मे संपायच्या आत उरका, नाहीतर दिवाळीनंतर काढा. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत पावसात पाणी पिते आणि ती ओल गिलाव्यात उतरते. त्यावर कितीही भारी टाईल लावा, पुढे पोकळ वाजणारच.

तेव्हा दुकानात जाण्याआधी भिंत बघा. फूटभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून एक दिवस भिंतीवर ठेवा. आतून पाणी धरलं तर थांबा. नवा गिलावा सात दिवस पाणी मारून नंतर तीन-चार आठवडे सुकू द्या. वाळू खाडीची असेल तर पांढरा क्षार फुटतो. तो नुसता पुसून भागत नाही, तेवढा गिलावा फोडून नवा करा. जुना ऑइलपेंट पूर्ण खरवडा.

भिंतीला सिरॅमिक टाईल पुरते. वजनाला हलकी, कापायलाही सोपी. विहिरीचं पाणी जड असेल तर न्हाणीघरात गडद चकचकीत रंग नको, प्रत्येक थेंबाचा डाग दिसतो. हिशेब असा: ५ बाय ७ फुटांचं न्हाणीघर, टाईल्स ७ फुटांपर्यंत. चार भिंती २४ गुणिले ७, म्हणजे १६८ चौरस फूट. दरवाजा वजा जाता सुमारे १५०. १२ बाय १८ इंचाची टाईल दीड चौरस फुटाची, म्हणजे १०० टाईल्स आणि फुटतुटीसाठी १० जास्त. सगळ्या खोक्यांवर बॅच आणि शेड नंबर एकच हवा; नंतर आणलेली टाईल रंगाला जुळत नाही.

सिमेंटवर बसवणार असाल तर सिरॅमिक टाईल आधी पाण्यात भिजवा, बुडबुडे थांबेपर्यंत. व्हिट्रिफाइड टाईल पाणी जवळजवळ पीतच नाही, तिला सिमेंट धरत नाही, तिथे टाईल चिकटवायचं मिश्रण, म्हणजे अ‍ॅडहेसिव्हच हवं. मला सिरॅमिकलाही तेच आवडतं, आणि मग टाईल भिजवायची नाही.

खालची ओळ आधी लावू नका. जमिनीचा उतार सारखा नसतो. एक टाईल सोडून लेव्हलमध्ये लाकडी पट्टी ठोका आणि दुसऱ्या ओळीपासून वर चढा. खालची शेवटी कापून बसवा. त्याआधी टाईल्स कोरड्या मांडून बघा, कोपऱ्यात बोटभर चिरफळी येत असेल तर सुरुवात सरकवा. अ‍ॅडहेसिव्ह दातेरी थापीने ओढा, पण बसवता येईल तेवढंच. बोटाला चिकटेनासं झालं की खरवडून टाका. मधूनमधून एखादी टाईल काढून पाठ बघा, कोपऱ्यापर्यंत माल लागलेला हवा.

टाईल्समध्ये सारखी फट राहावी म्हणून दोन मिलिमीटरचे स्पेसर लावा. दुसऱ्या दिवशी त्या फटींत ग्राउट, म्हणजे सांधे बुजवायचा माल, भरा. स्वयंपाकघरात इपॉक्सी ग्राउटच घ्या, साध्या ग्राउटमधली हळद निघत नाही. दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात मात्र ग्राउट तडकतो, तिथे सिलिकॉन.