मोठी मूळ संख्या तपासताय? या चुका टाळा

२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे, हे गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये संगणकाशिवाय दाखवून दिलं. माझा पहिला जावा प्रोग्राम मात्र तिला बिनदिक्कत संयुक्त म्हणायचा.

घोळ थांबण्याच्या अटीत होता. वर्गमूळापर्यंतच भागून बघायचं, हे शाळेतच शिकवतात. म्हणून लूपला सांगितलं होतं: विभाजकाचा वर्ग संख्येपेक्षा मोठा झाला की थांब. पण २१४७४८३६४७ म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, आणि जावाच्या ३२ बिटांच्या 'इंट'मध्ये (पूर्णांक साठवायच्या प्रकारात) मावणारी सर्वांत मोठी संख्याही तीच! ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१, तो मावत नाही आणि उलटून −२१४७४७९०१५ होतो. त्याहून मोठं काही 'इंट'मध्ये असूच शकत नाही, म्हणून लूप थांबत नाही. शेवटी विभाजक खुद्द त्या संख्येपाशी पोचतो, तिचा तिलाच भाग जातो आणि निकाल चुकतो. वर्ग करूच नका. संख्येला विभाजकाने भागा, भागाकार विभाजकापेक्षा लहान झाला की थांबा. नाहीतर ६४ बिटांचा 'लाँग' घ्या.

(ऑयलरने ४६३४० पर्यंतच्या सगळ्या ४७९२ मूळ संख्यांनी भागलं नव्हतं. विभाजक असलाच तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ उरली पाहिजे, हे त्याने ओळखलं. उरल्या फक्त ८४.)

२ चा कुठलातरी घात वजा १, अशा संख्येत घातांक मूळ आहे म्हणून संख्याही मूळच, असं धरू नका. ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७ = २३ × ८९. फ्रेंच अभ्यासक मर्सेननेही १६४४ मध्ये अशी मूळ संख्या देणाऱ्या घातांकांच्या आपल्या यादीत ६७ घातला होता. २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ नाही हे गणितज्ञ लुकाने १८७६ मध्ये सिद्ध केलं, अवयव मात्र १९०३ मध्ये गणितज्ञ कोलने दिले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. हा गुणाकार एक्सेलमध्ये पडताळायला जाऊ नका. तिथे पंधराच अंक टिकतात, पुढे शून्यं. पायथॉनच्या पूर्णांकांना ती अडचण नाही.

फर्माची कसोटी (पायाचा, संख्येपेक्षा एक कमी इतका घात घ्यायचा, त्याला संख्येने भागून बाकी १ उरली तर पास) २ हा पाया घेऊन लावणं इथे निरुपयोगी. घातांक मूळ असला की अशी प्रत्येक संख्या त्यात पास होते, २०४७ सुद्धा.

त्याऐवजी लुका-लेमर कसोटी लावा. ४ पासून सुरुवात, दर पायरीला वर्ग करून २ वजा, आणि लगेच जी संख्या तपासताय तिने भागून बाकी. शेवटी शून्य आलं तर ती मूळ. बाकी काढणं शेवटावर ढकललंत तर अंक दर पायरीला दुप्पट होत जातात. १२७ साठी (घातांक ७): ४, १४, ६७, ४२, १११, ०. घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे पाच पायऱ्या. पाचवीला शून्य आलं, १२७ मूळ. सवयीने सहावी पायरी चढलात तर हाती १२५ येतं, आणि चांगली मूळ संख्या नापास होते.