पॅकेट कुणाच्या हाती जातं? घरच्या कॉम्प्युटरवर बघा

कॉम्प्युटर माहिती छोट्या तुकड्यांत पाठवतो, त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. ते कुठे जातं ते बघायला विंडोजच्या स्टार्टमध्ये 'सीएमडी' शोधून ती काळी खिडकी उघडा. 'आयपीकॉन्फिग' टाइप करा (सगळे आदेश इंग्रजी अक्षरांत) आणि एंटर दाबा. आलेल्या गर्दीतून तीनच ओळी कागदावर उतरवून घ्या: आयपीव्ही४ पत्ता (नेटवर्कवर तुमच्या कॉम्प्युटरचा क्रमांक), सबनेट मास्क (घरचं कोण ते ठरवणारा आकडा) आणि डीफॉल्ट गेटवे (तुमच्या राउटरचा पत्ता). समजा त्या १९२.१६८.१.५, २५५.२५५.२५५.० आणि १९२.१६८.१.१ अशा आहेत.

आता मास्क पत्त्याखाली लिहा. जिथे २५५ आहे तो आकडा जुळलाच पाहिजे, जिथे ० आहे तिथे काहीही चालेल. म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे घरचे, बाकीचे बाहेरचे. पॅकेट पाठवताना कॉम्प्युटर एवढंच ठरवतो: घरचं असेल तर थेट, बाहेरचं असेल तर गेटवेच्या, म्हणजे राउटरच्या हाती. पुढचा रस्ता त्याला ठाऊक नसतो. राउटर बदलल्यावर आमचा प्रिंटर मुका झाला, तेव्हा मी दोन दिवस केबल काढून-लावून पाहत होतो. प्रिंटरला जुन्या राउटरच्या काळात हाताने दिलेला पत्ता होता १९२.१६८.०.२०. तिसरा आकडा वेगळा! शेजारच्या टेबलावरचा प्रिंटर लॅपटॉपच्या लेखी परगावचा झाला होता.

खरी गंमत पुढे आहे. 'पिंग ८.८.८.८' द्या (पिंग म्हणजे समोरच्याला हाक मारून उत्तर येतं का बघणं; हा गूगलच्या डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा पत्ता), उत्तरं आली की 'एआरपी -ए' द्या. घरातले आयपी पत्ते दिसतील आणि प्रत्येकासमोर सहा जोड्यांचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक. २२४ किंवा २३९ ने सुरू होणाऱ्या ओळी सोडून द्या. आता यादीत ८.८.८.८ शोधा. सापडणार नाही, कारण लॅपटॉपने त्याचा मॅक कधी विचारलाच नाही. पॅकेटमध्ये आयपी ८.८.८.८ चा, पण बाहेरच्या वेष्टनावर मॅक राउटरचा! राउटर ते वेष्टन फेकतो आणि पुढच्या टप्प्याचं नवं चढवतो. मुक्कामाचा आयपी मात्र तोच राहतो.

हे टप्पे बघायचे तर 'ट्रेसर्ट -डी ८.८.८.८' (tracert -d) द्या. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो आणि प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. शून्य झाला की पॅकेट टाकून देतो आणि सहसा तसं कळवतो. ट्रेसर्ट मुद्दाम १, २, ३ असे आकडे घालून एकेका राउटरला बोलतं करतो. मध्येच तारे दिसले तर घाबरू नका, काही राउटर उत्तरच देत नाहीत.

पाठवणाऱ्याच्या पत्त्याची गोष्ट वेगळी. १९२.१६८.१.५ हा पत्ता आत्ता असंख्य घरांत असेल, म्हणून तो इंटरनेटवर चालत नाही. ३२ बिटांत जेमतेम ४२९ कोटी पत्ते बसतात, त्यातून ही काटकसर आली. बाहेर पडताना राउटर तुमचा पत्ता खोडून स्वतःचा लिहितो आणि परतीच्या पॅकेटसाठी पोर्ट क्रमांकासकट (कोणत्या प्रोग्रामचं पॅकेट ते ओळखायचा आकडा) नोंद ठेवतो. खात्री करायची तर ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' शोधा आणि कागदावरच्या आकड्याशी ताडून बघा.