वीव्ह पोल कलंडायचे, ते असे थांबले

परसात माझ्या शेरी कुत्रीसाठी बारा वीव्ह पोल (कुत्र्याने नागमोडी धावत पार करायचे, रांगेत उभे केलेले पाइप) लावले, पण तिचा खांदा लागला की पाइप कलंडायचा आणि ती बिचकून रांग सोडायची. थेट मातीत रोवून पाहिले, वाळूच्या बादल्यांतही. बादल्या तर तिच्या पायांत यायच्या. दोन महिने वाया गेले, फार जीव कातावला.

शेवटी हे जमलं. आदल्या रात्री जमीन भिजवली. दोरी ताणून 60 सेंटिमीटरवर खुणा केल्या, मध्यापासून मध्यापर्यंत. 10 मिमीच्या दीड फुटी सळ्या फूटभर ठोकल्या. वर उरलेल्या अर्ध्या फुटाला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि त्यावर मीटरभर उंचीचे 1 इंची पीव्हीसी पाइप दाबून बसवले. आता पाइप वाकतो, लगेच सरळ होतो. पाइप काढलात तर सळीही उपटा. उघडं टोक कुत्र्याच्या पोटात घुसू शकतं.