ई-मेलने येणाऱ्या डायजेस्टची वेबपाने कशी करावीत

ई-मेलने येणाऱ्या वार्तापत्राच्या एका डायजेस्टमध्ये, म्हणजे अनेक टिपणे एकत्र बांधून पाठवलेल्या अंकात, बहुधा आठ-दहा स्वतंत्र टिपणे असतात. परंतु मेलपेटीत त्या सर्वांची ओळख एकाच विषयओळीने होते आणि त्या ओळीत अनेकदा अंकाच्या क्रमांकापलीकडे काहीच नसते. म्हणून जुने टिपण शोधायचे तर एकेक अंक उघडून खालपर्यंत चाळावा लागतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक मेलचे जसेच्या तसे एक वेबपान केल्याने फारसे काही साधत नाही, कारण तीच अडचण फक्त मेलपेटीतून ब्राउझरमध्ये जाते. काम सुरू करण्यापूर्वीच ठरवावे की पान हे टिपणाचे असेल आणि अंकाचे पान म्हणजे त्या टिपणांची केवळ अनुक्रमणिका असेल.

प्रथम मेल मूळ स्वरूपात बाहेर काढावेत. जीमेलमध्ये त्या वार्तापत्राला एक लेबल लावून गुगल टेकआउट या आपला डेटा उतरवून घेण्याच्या सेवेतून तेवढेच लेबल उतरवून घेता येते. मिळणारी फाइल एमबॉक्स या स्वरूपाची असते, म्हणजे सर्व मेल एकाखाली एक अशा एकाच मजकूर-फाइलमध्ये असतात. या स्वरूपात प्रत्येक मेलची सुरुवात 'फ्रॉम' हा इंग्रजी शब्द आणि त्यापुढची मोकळी जागा यांनी होते. त्यामुळे मजकुरातील एखादी ओळ योगायोगाने तशीच सुरू होत असेल, तर अनेक प्रणाली तिच्या आधी 'पेक्षा मोठे' हे चिन्ह घालतात. पुढे एखाद्या पानावर असे अनाथ चिन्ह दिसले, तर त्याचे मूळ बहुधा इथे सापडेल. फाइल हाताने तोडण्याऐवजी पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतील 'मेलबॉक्स' आणि 'ईमेल' ही तयार मोड्यूल (कोडचे संच) वापरावीत. मूळ फाइलला मात्र कधीही हात लावू नये; पाने केव्हाही पुसून नव्याने तयार करता आली पाहिजेत.

यानंतरचा टप्पा उकलीचा, म्हणजे सांकेतिक मजकूर पुन्हा वाचनीय करण्याचा आहे, आणि मराठी मजकुराची दाणादाण सर्वाधिक इथेच उडते. मेलमधील मजकूर अनेकदा 'कोटेड-प्रिंटेबल' या पद्धतीने सांकेतिक केलेला असतो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत 'क' हे एक अक्षर ३ बाइटचे असते आणि या पद्धतीत प्रत्येक बाइटसाठी बरोबरचे चिन्ह व त्यापुढे दोन वर्ण, अशी ३ चिन्हे खर्ची पडतात. म्हणजे एकट्या 'क'साठी ९ चिन्हे लागतात. ओळीची कमाल मर्यादा ७६ चिन्हांची असल्याने एकाच अक्षराचे बाइट दोन ओळींत विभागले जाऊ शकतात. अशा वेळी ओळ-ओळ उकलली तर जागोजागी चौकोन आणि प्रश्नचिन्हे उमटतात. म्हणून मेलचा संपूर्ण भाग आधी बाइटमध्ये उकलावा आणि मगच त्याचे अक्षरांत रूपांतर करावे. विषयओळीचे संकेतन वेगळे असते, तेव्हा तीही स्वतंत्रपणे उकलावी लागते.

आता अंकाची टिपणे वेगळी करायची. साध्या मजकुराच्या डायजेस्टसाठी १९९० मधील आरएफसी ११५३ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजाने एक रचना सांगितली आहे: प्रास्ताविकानंतर ७० संयोगचिन्हांची ओळ, आणि त्यापुढे दोन संदेशांच्या मध्ये ३० संयोगचिन्हांची ओळ. माइम या मेलच्या रचनेविषयीच्या मानकात 'मल्टिपार्ट डायजेस्ट' असा प्रकारही आहे. त्यात प्रत्येक संदेश आधीच सुटा असतो, त्यामुळे तोडण्याचे काम उरत नाही. सजवलेल्या एचटीएमएल वार्तापत्रांना मात्र असा कोणताही नियम नाही. त्यांत एकात एक बसवलेल्या कोष्टकांची जंत्री असते आणि टिपण कुठे सुरू होते हे केवळ मोठ्या अक्षरांवरून कळते. अशा वेळी तीन-चार अंकांचा स्रोत शेजारी-शेजारी ठेवून प्रत्येक टिपणापूर्वी न चुकता येणारी खूण शोधावी. वार्तापत्राचे रूप बदलले की खूणही बदलते. म्हणून नियमासोबत तो कोणत्या तारखेपासून लागू आहे याचीही नोंद ठेवावी. अंकाच्या सुरुवातीला अनुक्रमणिका असेल, तर तिच्यातील नोंदी आणि तुटून निघालेली टिपणे यांची संख्या संगणकाकडूनच ताडून घ्यावी. दोन्ही जुळत नसतील, तर तो अंक बाजूला काढून स्वतः पाहावा.

साफसफाईत 'काय काढायचे' याची यादी करण्यापेक्षा 'काय ठेवायचे' याची यादी करणे सुरक्षित असते: परिच्छेद, शीर्षके, याद्या, अवतरणे, दुवे आणि चित्रे ठेवावीत, बाकी सर्व गाळावे. मेल उघडला की नाही हे टिपणारे एका पिक्सेलचे अदृश्य चित्रही आवर्जून काढावे. सर्वांत धोक्याचा भाग तळाशी असतो. वर्गणी रद्द करण्याचा दुवा बहुतेक वेळा आपल्या नावावरचा असतो. तो पानावर राहिला तर कोणाही वाचकाच्या क्लिकने आपले वार्तापत्र बंद होऊ शकते, किंवा आपला ई-मेल पत्ताही उघड होऊ शकतो. लेखांचे दुवेसुद्धा पुष्कळदा मागोवा घेणाऱ्या सर्व्हरमार्गे जातात. तो सर्व्हर बंद पडला की ते सारे निकामी होतात, तेव्हा ते आजच उलगडून अंतिम पत्ते साठवावेत. चित्रेही आपल्याकडे उतरवून घ्यावीत.

प्रत्येक पानाचा पत्ता अंकाची तारीख आणि त्या अंकातील टिपणाचा क्रम यांवरून बनवावा. सर्व टिपणांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग क्रमांक देण्याचा मोह होतो, परंतु नंतर एखादा सुटलेला जुना अंक सापडला की त्यापुढचे सर्व क्रमांक सरकतात आणि कोणी जपून ठेवलेले दुवे भलत्याच पानावर उघडतात.

पाने घडवण्यासाठी ह्यूगो, जेकिल किंवा इलेव्हन्टी या मजकूर-फाइलींपासून संकेतस्थळ बनवणाऱ्या साधनांपैकी जे हाताशी असेल ते चालेल. या निवडीवर फार वेळ घालवू नये. शीर्षक, तारीख, मूळ अंक आणि विषय या नोंदी प्रत्येक टिपणाच्या फाइलच्या माथ्यावर लिहिल्या, की महिनावार आणि विषयवार याद्या या साधनांकडून करून घेता येतात. पानांमधील शोधासाठी पेजफाइंड हे साधन पुरेसे आहे; त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही.

वार्तापत्र दुसऱ्याचे असेल, तर परवानगीशिवाय ही पाने सार्वजनिक करू नयेत. स्वतःपुरता संग्रह पासवर्डमागे ठेवावा. शोधयंत्रांना 'नोंद घेऊ नका' असे सांगणारा टॅग ही केवळ विनंती असते, ते कुलूप नव्हे.

नवे अंक येत राहतील, म्हणून प्रत्येक मेलच्या हेडरमधील (माथ्यावरच्या तांत्रिक नोंदींतील) मेसेज-आयडी, म्हणजे त्या मेलची स्वतंत्र ओळखखूण, साठवून ठेवावा आणि तो आधीच नोंदलेला असल्यास तो मेल वगळावा. मग तीच आज्ञा कितीही वेळा चालवली तरी टिपणे दुप्पट होत नाहीत, आणि हे काम ठरलेल्या वेळी आपोआप चालण्यासाठी निर्धास्तपणे लावून देता येते.