अकँथसचे पान: शाडूत घडवून साच्यातून काढताना

कोरिंथियन, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन शैलीतल्या, स्तंभशीर्षावर (खांबाच्या नक्षीदार माथ्यावर) अकँथस या दातेरी पानांच्या झुडपाच्या पानांच्या दोन ओळी असतात, प्रत्येकीत आठ पाने. एक पान नीट साधले की बाकीची साच्यातून निघतात, म्हणून सगळा वेळ त्या एका पानाला द्या. नाशिकमध्ये गणेशमूर्ती घडवणाऱ्यांमुळे शाडू आणि पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) शोधत फिरावे लागत नाही.

प्लायवर 20 सेंमी उंच, 14 सेंमी रुंद पान आखा. मधोमध देठापासून टोकापर्यंत रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन खंड, म्हणजे पानाचे मोठे विभाग, वर टोकाचा एक. मगच प्रत्येक खंडाच्या कडेला दाते. दोन खंड एकमेकांवर चढतात तिथे थेंबाच्या आकाराचा खळगा पडतो. त्याला डोळा म्हणू.

बहुतेकांचे पान बिघडते ते इथून पुढे. आंब्याच्या पानासारख्या मधल्या शिरेतून तिरप्या शिरा काढल्या जातात. झाडाच्या पानात त्या तशाच असतात, पण कोरीव पानात नाहीत. तिथे प्रत्येक डोळ्याखालून एक गोल कणा निघतो आणि मधल्या शिरेला न टेकता, तिच्या कडेकडेने थेट बुडापर्यंत उतरतो. खाली येताना सगळे कणे निमुळते होत जवळ येतात. पान खालून वर उसळल्यासारखे दिसते ते यामुळेच. शिरा तिरप्या गेल्या तर दाते कितीही सुबक कोरा, पान चपटेच दिसणार.

शाडू एक सेंमी जाड थापा, मधली शीर अडीच सेंमीपर्यंत उचला, टोक चार सेंमी पुढे झुकवा. डोळे बोरूच्या टोकाने खोल करा. दिवा एका बाजूनेच ठेवा, समोरच्या उजेडात खोली कळत नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत टोकाला आधी तडे जातात. काम थांबले की ओले फडके टाका.

टोक पुढे झुकलेले असल्यामुळे पीओपीचा कडक साचा तिथे अडकतो. सिलिकॉन रबर वापरा. पहिला हात पातळ, ब्रशने डोळ्यांत नीट मुरवून, नाहीतर तिथेच बुडबुडे राहतात. मग जाडी पाच-सहा मिमी करून वर पीओपीची दोन भागांची खोळ, म्हणजे मऊ रबराचा आकार धरून ठेवणारे कडक कवच.

ओतताना 700 मिली पाण्यात एक किलो पीओपी हळूहळू भुरभुरवा. पाणी कधीही पीओपीवर ओतू नका, गुठळ्या होतात. दोन मिनिटे भिजू द्या, मग हवा न शिरवता ढवळा. घट्ट होऊ लागलेल्यात पुन्हा पाणी घालू नका, ओतीव ठिसूळ होते. पावसाळ्यात उघड्या पोत्यातले पीओपी दमट होते आणि धड पकडत नाही, तेव्हा लागेल तेवढेच आणा.

फाटकाच्या खांबावर पीओपीचे पान लावू नका. पावसात दाते विरघळत जातात. त्याच रबरात एक भाग पांढरे सिमेंट आणि दोन भाग चाळलेली वाळू भरा, दुसऱ्या दिवशी काढून सात दिवस पाण्यात ठेवा.